जामखेडचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोरला वैद्यकीय आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेल्या या दोघांना निव्वळ दवाखाना थाटायचा नव्हता; आजार मुळातच टाळायचे होते.

प्रारंभी खेड्यांत प्रशिक्षित परिचारिका नेमल्या, पण ही व्यवस्था टिकली नाही. मग गावानेच निवडलेल्या स्त्रियांना शिकवण्यात आले. त्यांत अनेक निरक्षर आणि दलित होत्या. या आरोग्यसेविका बाळंतपणे करत, मुलांची वजने घेत, जुलाब झालेल्या बाळाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजावे हे आईला करून दाखवत. सोबतीला शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. पिण्याचे स्वच्छ पाणी आणि सकस आहार हीही आरोग्याचीच कामे ठरली.

1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे जामखेड हे देशोदेशींच्या आरोग्य कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण केंद्र बनले. गावातल्याच स्त्रीवर आरोग्याची जबाबदारी सोपवण्याचे तत्त्व 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या ‘आशा’ योजनेतही आहे.