सामायिक विमानतळांवरील स्कायडायव्हिंग सुरक्षा

सामायिक विमानतळांवरील स्कायडायव्हिंग सुरक्षा म्हणजे हलकी विमाने आणि पॅराशूटने उतरणारे स्कायडायव्हर एकाच विमानतळाचा वापर करत असताना त्यांच्यातील टक्कर टाळण्यासाठी आखलेले नियम, संकेत आणि कार्यपद्धती होय. अमेरिकेतील अनेक स्कायडायव्हिंग केंद्रे सार्वजनिक वापराच्या लहान विमानतळांवर चालतात. यांपैकी बहुतेक ठिकाणी नियंत्रण मनोरा नसतो. विमानांना क्रम आणि अंतर ठरवून देणारा नियंत्रक नसल्यामुळे तेथील सुरक्षा मुख्यतः एकमेकांना वेळेवर मिळणाऱ्या माहितीवर आणि प्रत्यक्ष नजरेवर अवलंबून असते.

धोक्याचे स्वरूप

स्कायडायव्हर सामान्यतः १०,००० ते १४,००० फूट उंचीवरून उडी घेतात. पोट जमिनीकडे ठेवून मुक्तपतन करताना त्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटरपर्यंत पोहोचतो आणि साधारण एका मिनिटात ते पॅराशूट उघडण्याच्या उंचीवर येतात. तेवढ्याच वेळात ताशी १८५ किलोमीटर वेगाने जाणारे हलके विमान सुमारे ३ किलोमीटर अंतर कापते. त्यामुळे उडीच्या क्षणी दूर असलेले विमान पॅराशूट उघडेपर्यंत त्याच जागी येऊ शकते.

मुक्तपतन करणारी व्यक्ती आकाराने लहान असते आणि वरून येते. उंच पंखांच्या विमानात वैमानिकाची वरची दृष्टी पंखांमुळे अडते. स्कायडायव्हरजवळ सहसा विमानांप्रमाणे स्वतःचे स्थान प्रक्षेपित करणारे उपकरण नसते. त्यामुळे इतर विमानांतील वाहतूकदर्शक पडद्यावर उडी टाकणारे विमान दिसले, तरी त्यातून बाहेर पडलेली माणसे दिसत नाहीत.

उतरू पाहणारी विमाने धावपट्टीभोवती ज्या ठरावीक आयताकृती मार्गाने फिरतात त्याला वाहतूक चक्र म्हणतात. हलक्या विमानांसाठी ते सामान्यतः जमिनीपासून सुमारे १,००० फूट उंचीवर असते. उघडलेली पॅराशूटे हा थर ओलांडूनच खाली येतात. इतर विमानतळांवर वाऱ्याची दिशा पाहण्यासाठी धावपट्टीच्या मध्यावरून उंचावरून जाण्याची पद्धत रूढ आहे. उड्या चालू असलेल्या विमानतळावर मात्र हीच पद्धत विमानाला थेट उतरणाऱ्यांच्या खाली नेते.

नियम

अमेरिकेत पॅराशूट उड्यांचे नियमन फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन ही संस्था संघीय विमान नियमांच्या भाग १०५ अन्वये करते. हवाई वाहतुकीला किंवा जमिनीवरील व्यक्ती आणि मालमत्तेला धोका निर्माण होईल अशी उडी घेण्यास व घेऊ देण्यास या नियमांनुसार मनाई आहे. ही जबाबदारी स्कायडायव्हर आणि त्याला नेणारा वैमानिक या दोघांवरही आहे.

नियंत्रण मनोरा असलेल्या विमानतळावर उडीसाठी मनोऱ्याची, तर मनोरा नसलेल्या विमानतळावर व्यवस्थापनाची पूर्वपरवानगी लागते. पॅराशूट पूर्ण उघडलेले व व्यवस्थित चालत असेल आणि स्कायडायव्हर वाहतूक चक्राच्या किमान २,००० फूट वर असेल, तर त्याला विमानतळावरून तरंगत जाण्याची मुभा आहे.

ढगांतून उडी घेण्यास बंदी आहे. समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांखाली किमान ३ मैल आणि त्यावर किमान ५ मैल दृश्यमानता आवश्यक असते. ढग आड असल्यास वैमानिक आणि स्कायडायव्हर दोघांनाही समोरच्याला पाहून टाळणे शक्य नसते, हे या अटीमागील कारण आहे.

पूर्वसूचना आणि रेडिओ

अनियंत्रित विमानतळांच्या परिसरात उड्यांची सूचना हवाई वाहतूक नियंत्रणाला साधारणपणे २४ तास ते १ तास आधी द्यावी लागते. उडी टाकणाऱ्या विमानात दुतर्फा रेडिओ असावा लागतो आणि उडीच्या किमान ५ मिनिटे आधी नियंत्रण केंद्राशी संपर्क साधावा लागतो. वैमानिक विमानतळाच्या सामाईक रेडिओ वारंवारतेवरही उडीची वेळ, उंची आणि दिशा जाहीर करतात. हवाई नकाशांवर अशी ठिकाणे पॅराशूटच्या चिन्हाने दाखवलेली असतात.

मात्र मनोरा नसलेल्या अनेक विमानतळांवर येणाऱ्या विमानात रेडिओ असणे बंधनकारक नसते. त्यामुळे घोषणा झाली म्हणजे ती सर्वांनी ऐकली असे गृहीत धरता येत नाही.

कार्यपद्धती

स्कायडायव्हरांना सामान्यतः वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला सोडले जाते आणि ते वाऱ्यासोबत उतरण्याच्या जागेकडे येतात. हे लक्षात घेऊन बाहेरून येणाऱ्या वैमानिकाने विमानतळाच्या डोक्यावरून जाणे टाळावे आणि वाहतूक चक्रात बाहेरील बाजूने प्रवेश करावा, असे शिकवले जाते. उडी टाकून रिकामे झालेले विमान वेगाने खाली येते. अनेकदा ते शेवटच्या स्कायडायव्हरच्या आधीच उतरते, म्हणून ते जमिनीवर दिसले तरी आकाश मोकळे आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

स्कायडायव्हरने दारातून बाहेर पडण्यापूर्वी खाली पाहावे आणि विमान दिसल्यास थांबावे, असा दंडक आहे. पॅराशूट उघडल्यानंतर कमी उंचीवर धावपट्टी व तिच्या टोकांकडील मार्ग ओलांडू नये, अशी आखणी केंद्रे करतात. उतरण्याची जागा धावपट्टीच्या एकाच बाजूला ठेवल्यास हे सोपे जाते. जमिनीवर फिरत्या पंख्याचा धोका मोठा असल्याने विमानात मागील बाजूने चढण्याची पद्धत पाळली जाते.

दुर्घटना

१९९३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील नॉर्थॅम्पटन येथे मुक्तपतन करणारा एक स्कायडायव्हर एका हलक्या विमानाच्या शेपटीवर आदळला. विमान कोसळून त्यातील चारही जण मृत्युमुखी पडले. स्कायडायव्हर मात्र पॅराशूटने उतरून बचावला.

८ मार्च २०१४ रोजी फ्लोरिडातील मलबेरीजवळच्या साऊथ लेकलँड विमानतळावर सेसना १७० विमानाचा पंख उतरणाऱ्या स्कायडायव्हरच्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला. विमान वारंवार उतरण्या-उडण्याचा सराव करत होते. ते नाकावर जमिनीवर आदळले, परंतु वैमानिक आणि स्कायडायव्हर दोघेही वाचले. पहिली घटना मुक्तपतनाच्या टप्प्यातील असून दुसरी जमिनीलगतची आहे. सामायिक विमानतळावर धोका उडीच्या कोणत्याही एका टप्प्यापुरता मर्यादित नसतो, हे यावरून दिसते.

विमानतळावरील प्रवेशाचा प्रश्न

संघीय अनुदान घेणाऱ्या विमानतळांना विमानविषयक उपक्रमांना वाजवी अटींवर आणि भेदभाव न करता जागा देण्याचे बंधन असते. स्कायडायव्हिंग हा असाच एक उपक्रम मानला जातो. सुरक्षेच्या कारणाने त्यावर निर्बंध घालता येतात, परंतु ते कारण ग्राह्य आहे की नाही हे ठरवण्याचा अंतिम अधिकार स्थानिक व्यवस्थापनाकडे नसून फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशनकडे आहे. त्यामुळे स्थानिक वाद अनेकदा सरसकट बंदीऐवजी उतरण्याची जागा, उड्डाणमार्ग आणि रेडिओ संकेत यांविषयीच्या लेखी कराराकडे वळतात.