शाश्वतता म्हणजे काय? पाण्याचा हिशेब आणि समान वाटा

कर्जत तालुक्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. तरीही मार्च-एप्रिल उजाडला की कळंब परिसरातल्या डोंगरकडेच्या आदिवासी वाड्यांत बायांच्या डोक्यावर हंडे दिसू लागतात. इथे खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर आणि जमिनीला तीव्र उतार. त्यामुळे पावसाचे पाणी जमिनीत फारसे मुरत नाही, ते झपाट्याने वाहून उल्हास नदीला मिळते. म्हणजे पाऊस कमी म्हणून ही टंचाई नाही. पाणी अडवायचे किती आणि ते द्यायचे कोणाला, इथे प्रश्न अडतो. शाश्वततेचा विचार आम्ही याच प्रश्नापासून सुरू करतो.

मूलभूत तत्त्वे

१९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या केली. तिचा आशय असा : आजच्या गरजा भागवाव्यात, पण पुढच्या पिढ्यांना त्यांच्या गरजा भागवणे अशक्य होईल अशा रीतीने नव्हे. अर्थतज्ज्ञ हर्मन डेली यांनी ही गोष्ट तीन नियमांत मांडली.

१. पाणी, जंगल, मासळी यांसारखी पुन्हा भरून येणारी साधने जितक्या वेगाने भरतात, त्याहून जास्त वेगाने वापरू नयेत.
२. कोळसा, तेल यांसारखी संपणारी साधने वापरताना त्याच वेगाने पर्याय उभे करावेत.
३. निसर्ग जितका कचरा पचवू शकतो, त्याहून जास्त टाकू नये.

आम्ही यात चौथा नियम जोडतो : साधनांचा वाटा आणि त्यांच्यासाठीचा त्याग, दोन्ही समान असावेत.

धम्मातील आधार

विनयपिटकात राजा उदेन आणि भिक्खू आनंद यांचा संवाद आहे. इतक्या चीवरांचे करणार काय, असे राजाने विचारले. ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू, असे आनंद म्हणाले. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांच्या चादरी, पुढे गादीच्या खोळी, पायपुसणी, फडकी. शेवटी चिंध्या चिखलात मळून जमीन लिंपायची. वापराची ही पूर्ण साखळी आहे. वाटप तिच्यात पहिले येते, हे लक्षात घ्यावे.

वर्षावासाची प्रथाही इथे आठवावी. पावसाळ्यात चालताना हिरवे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांची तक्रार होती. ती ऐकून तथागतांनी भिक्खूंना एका ठिकाणी राहण्यास सांगितले.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात झालेला वाद आहे. युद्धाने पाण्याचा प्रश्न सुटणार नाही, ही सिद्धार्थाची भूमिका होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते महाड आजच्या आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. सार्वजनिक साधनांवर सर्वांचा सारखा हक्क, हा त्या सत्याग्रहाचा गाभा होता.

कर्जतमधील उदाहरण

टाटांचे भिवपुरी वीजकेंद्र १९२२ पासूनचे. वीज तयार झाल्यावर तिथले पाणी पेज नदीत येते आणि त्यावर राजनाला कालव्याच्या लाभक्षेत्रात भाताचे दुसरे पीक निघते. एकच पाणी दोनदा कामी येते, हा साधनाचा चांगला वापर झाला. पण हे पाणी मुळात घाटमाथ्यावरच्या भीमा खोऱ्यातून वळवलेले आहे. कालव्यापासून दूर, उंचावरच्या वाड्यांना त्याचा उपयोग नाही.

२०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या धरण प्रकल्पांना मान्यता दिली. त्यांचे पाणी मुख्यतः मुंबई महानगर प्रदेशासाठी आहे. शहरांना पाणी हवेच, त्याला आमचा विरोध नाही. मात्र जमीन कोणाची जाणार, पुनर्वसन आधी होणार की नंतर, आणि धरणाशेजारच्या वाडीला नळ मिळणार का, हे प्रश्न चौथ्या नियमाचे आहेत. ते विचारलेच पाहिजेत.

आपण काय करू शकतो

• विहाराच्या छपराचे पाणी साठवा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पावसाचे दीड लाख लिटर होतात. त्यातले थोडे टाकीत साठवले आणि उरलेले शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवले, तरी मोठे काम होते.
• १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमेच्या भोजनदानात एकदाच वापरून फेकायच्या ताटल्या नकोत. वस्तीने मिळून स्टीलची ताटे-पेले घ्यावेत.
• ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा, नदीपात्रात काहीही टाकू नका.
• ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मागा : गावात किती विहिरी आणि बोअरवेल आहेत, फार्महाऊस किती पाणी उपसतात, कोणती वाडी कोरडी राहते. कातकरी आणि ठाकर बांधवांना सोबत घेऊनच हा प्रश्न मांडा.

झाडे लावण्याचा कार्यक्रम एका दिवसात उरकतो. पाण्याचा हिशेब मात्र दरवर्षी मांडावा लागतो, आणि तो मांडताना सर्वांत कोरड्या वाडीचे नाव यादीत पहिले असले पाहिजे.