पोलाद वाहणारे मालक-चालक

१९६७ सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील इंडियाना राज्यात, गॅरी या गावच्या पोलाद कारखान्यांच्या फाटकांबाहेर काही ट्रकचालक माल न उचलता उभे राहिले. ते ज्या टीमस्टर्स संघटनेचे सभासद होते, तिने संपाची हाक दिलेली नव्हती. तिचा या संपाला विरोधच होता. तरीही पाहता पाहता तो पिट्सबर्ग आणि ओहायोकडे पसरला व नऊ आठवडे चालला. ट्रक जाळले गेले, रस्त्यावरील पुलांवरून दगड टाकले गेले, गोळ्याही झाडल्या गेल्या. एवढ्या उद्रेकामागे ज्या तक्रारी होत्या, त्यांतील मुख्य तक्रार ऐकावयास अगदी साधी होती. माल भरून घेण्यासाठी फाटकापाशी तासन्‌तास, कधी कधी दिवसभर, तिष्ठावे लागते आणि त्या वेळेचा एक पैसाही मिळत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता, फाटकावर वाट पाहण्याची मजुरी मागणारा माणूस हा नोकर असला पाहिजे, असे कोणालाही वाटेल. परंतु यांच्यापैकी बहुतेकांच्या गाड्या त्यांच्या स्वतःच्या होत्या. गाडीचे हप्ते, डिझेल, टायर, दुरुस्ती, सारे त्यांच्याच खिशातून जाई. अमेरिकेत अशा माणसाला मालक-चालक म्हणतात. आपल्याकडे एका ट्रकचा धनी स्वतःच गाडी हाकताना दिसतो, यात कोणाला नवल वाटत नाही. अमेरिकेत मात्र या जोडशब्दातील ‘मालक’ या अर्ध्या भागाचा नेमका अर्थ काय, यावर गेली नव्वद वर्षे कायदेमंडळात, न्यायालयात आणि रस्त्यावर वाद चालू आहे.

जमशेदपूर, भिलाई किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर उभे असलेले, बाजू नसलेले लांबलचक ट्रेलर ज्यांनी पाहिले असतील, त्यांना या मंडळींची गाडी डोळ्यांपुढे आणणे कठीण नाही. तिला तेथे फ्लॅटबेड म्हणतात. बंद डब्याची गाडी हाकणाऱ्याने मागची दारे लावली की मालाची निम्मी चिंता मिटते. फ्लॅटबेडवर ती तेथून सुरू होते. पोलादी पत्र्याची एक गुंडाळी, म्हणजे कॉइल, वीस टनांपर्यंत भरते. ती ट्रेलरवर कोणत्या दिशेने ठेवावयाची, खाली कोणती लाकडे द्यावयाची, साखळी कोठून कोठे न्यावयाची, हे चालकाला समजावे लागते. कारण अचानक ब्रेक लागून साखळ्या तुटल्या, तर ती कॉइल पुढे घरंगळत थेट चालकाच्या पाठीवर येते. आजच्या नियमाप्रमाणे साखळ्यांची एकत्रित धारणशक्ती मालाच्या वजनाच्या निम्मी तरी असावी लागते. तीन-अष्टमांश इंची, वाहतुकीसाठीच्या दर्जाच्या साखळीची शक्ती ६,६०० पौंड धरतात. म्हणजे ४४,००० पौंडांच्या कॉइलला चार साखळ्या हव्यात. शिवाय पहिल्या पन्नास मैलांच्या आत थांबून त्या पुन्हा तपासावयाच्या. पाऊस-बर्फात पन्नास किलोची ताडपत्री मालावर चढवावयाची, ती वेगळीच. हे कष्ट अनेकांना नको असतात. म्हणूनच ज्याला पुढे स्वतःची गाडी घ्यावयाची आहे, असा चालक पुष्कळदा बंद डबा सोडून फ्लॅटबेडकडे वळतो. येथे चार पैसे जास्त पडतात आणि अंगी आलेले कसब कोणी काढून घेऊ शकत नाही.

परंतु गाडी आणि कसब असले, तरी धंदा करण्याचा अधिकार हाती येत नव्हता. याचे मूळ १९३५ सालच्या मोटर वाहतूक कायद्यात आहे. मंदीच्या त्या दिवसांत कामावरून सुटलेला माणूस हप्त्यांवर ट्रक घेई आणि मिळेल त्या भाड्यात माल नेई. रेल्वे कंपन्या आणि मोठे वाहतूकदार या स्पर्धेने त्रासून गेले होते. कायद्याने आंतरराज्य वाहतूक आंतरराज्य वाणिज्य आयोगाच्या हाती दिली. त्या वर्षीच्या जूनपूर्वी जे वाहतूक करीत होते त्यांना आपोआप परवाने मिळाले. नव्याने येणाऱ्याला मात्र आपल्या सेवेची लोकांना गरज आहे, असे सिद्ध करावे लागे, आणि जुने परवानेदार त्याला हरकत घेत. परिणामी परवाना हीच मालमत्ता होऊन बसली आणि तिची खरेदी-विक्री होऊ लागली. शेतमालाला मात्र या निर्बंधांतून सूट होती. त्यामुळे पिसे काढलेली, साफ केलेली, गोठवलेली कोंबडी हा शेतमाल की कारखान्यातला माल, असा प्रश्न निघाला. १९५६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला तो सोडवावा लागला, आणि न्यायमूर्तींनी ती शेतमालच असल्याचे ठरवले. कारभाराची कागदपत्रे ज्यांच्या हातांखालून जातात, त्यांना या निकालाचे हसू येईल आणि थोडी सहानुभूतीही वाटेल.

पोलाद काही शेतात पिकत नाही. तेव्हा पोलाद वाहणाऱ्या मालक-चालकाला एकच मार्ग उरे. परवाना असलेल्या कंपनीला आपली गाडी आपल्यासकट भाड्याने द्यावयाची, दारावर तिचे नाव रंगवावयाचे आणि भाड्याचा ठरलेला वाटा घ्यावयाचा. हा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश असे, आणि सारा खर्च त्यातून भागवावयाचा असे. कंपन्यांना ही व्यवस्था सोयीची होती. पोलादाची मागणी चढते-उतरते, आणि फ्लॅटबेडला परतीचा माल मिळेलच याची खात्री नसते. असल्या धंद्यात स्वतःचे भांडवल अडकविण्यापेक्षा दुसऱ्याच्या गाड्या लावणे केव्हाही बरे. कारखान्यालाही चालकाला ताटकळत ठेवण्याची तोशीस पडत नव्हती. ज्या वेळेची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही, ती वेळ वाचविण्याची घाई कोण करील?

१९६७च्या संपाने वाट पाहण्याच्या वेळेला काही मोबदला मिळवून दिला. पिट्सबर्गचे विल्यम हिल हे त्याचे पुढारी. संपानंतर पोलाद वाहणाऱ्यांची वेगळी संघटना उभी राहिली आणि १९७० साली आणखी एक संप झाला. पण मोठ्या संघटनेतून फुटून स्वतंत्र मान्यता मिळविण्याचा तिचा प्रयत्न सफल झाला नाही. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. या चालकांना संघटनेच्या सभेत मालक म्हणून संशयाने पाहिले जाई आणि कंपनीच्या कचेरीत नोकर म्हणून आज्ञा दिल्या जात. दोन्हीकडचे ओझे त्यांच्या वाट्याला आले. दोन्हीकडचे संरक्षण मात्र आले नाही.

१९७३च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेल रोखले, तेव्हा हे सर्वांना दिसले. डिझेल कडाडले; पण भाड्याचे दर आयोगाकडून ठरत, त्यामुळे वाढलेला खर्च माल पाठविणाऱ्यावर टाकण्याची मुभा या ‘मालका’ला नव्हती. डिसेंबरात चालकांनी महामार्गांवरच ट्रक उभे केले. पुढील फेब्रुवारीत वाहतूक पुन्हा बंद पडली. पेनसिल्व्हेनियाचे राज्यपाल मिल्टन शॅप यांनी मध्यस्थी केली आणि इंधनासाठी सहा टक्के अधिभार मंजूर झाला. मालक-चालकांची जी संघटना आजही टिकून आहे, तिचा जन्म १९७३चाच.

मागणी आता परवान्याच्या भिंतीलाच भिडली होती. माइक पार्कहर्स्ट या माजी ट्रकचालकाने १९६१ साली काढलेले ‘ओव्हरड्राइव्ह’ मासिक वर्षानुवर्षे हेच मागत होते. १ जुलै १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि परवाना मिळणे सुलभ झाले. दहा वर्षांत परवानेदार वाहतूकदारांची संख्या दुपटीहून अधिक झाली. जुन्या कंपन्यांनी आपल्या वहीत परवान्यांच्या नावे लिहून ठेवलेल्या मोठमोठ्या रकमा रातोरात शून्य झाल्या. मालक-चालकाला धंद्याचा हक्क मिळाला खरा. परंतु तो सर्वांनाच मिळाल्यामुळे भाडे उतरले, आणि पूर्वी जो परवान्यावाचून अडत असे तो आता दरावाचून अडू लागला. पुष्कळ जुन्या कंपन्याही बुडाल्या. १९९५च्या अखेरीस आयोगच बरखास्त झाला.

पुढे कंपन्यांनी गाडीही स्वतःच देऊ केली: ती हप्त्यांवर घ्या, आमचाच माल वाहा, आणि हप्ते फिटले की मालक व्हा. पंजाबातून तेथे गेलेली पुष्कळ मंडळीही आता या व्यवसायात आहेत. हे करार करणाऱ्यांपैकी अनेकांचे हप्ते फिटण्यापूर्वीच गाडी कंपनीकडे परत जाते, अशा तक्रारी वाढल्या. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने एका चालकाच्या दाव्यात निर्णय दिला, की आंतरराज्य वाहतूक कामगारांना सक्तीच्या लवादातून जी कायदेशीर सूट आहे, ती कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’ म्हणविणाऱ्या चालकांनाही लागू होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनियुक्त समितीने असे हप्त्यांचे करार कायद्याने बंदच करावेत, अशी शिफारस केली.

माल भरण्यासाठी लागणाऱ्या वेळेपैकी पहिले दोन तास आजही बहुधा फुकटच धरले जातात. त्यापुढील तासांचे पैसे मागावे लागतात, आणि ते मिळावेत म्हणून फाटकात शिरल्याची व बाहेर पडल्याची वेळ पहारेकऱ्याकडून कागदावर लिहून घेण्याची खबरदारी जुने चालक घेतात.