चार नेत्रांचा चिलखती कोळी

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यांत ब्लॉक्सवर्थ नांवाचें एक लहानसें खेडें आहे. १८६८ पासून तेथील धर्मोपदेशकाचें काम रेव्हरंड ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांच्याकडे होतें. रविवारीं प्रवचन करावें, आजाऱ्यांचा समाचार घ्यावा आणि उरलेला वेळ कोळ्यांना द्यावा, असा या गृहस्थांचा क्रम असे. त्यांच्याकडे येणारें टपालहि तसेंच विलक्षण होतें. आज ईजिप्त, उद्यां ब्राझील, परवां सिलोन अशा दूरदूरच्या मुलुखांतून मद्यार्कांत बुडविलेले मृत कोळी कुपींत बंद होऊन त्यांच्या दारीं येत. चार्लस् डार्विनसारख्या थोर शास्त्रज्ञाशीं त्यांचा पत्रव्यवहार होता. परंतु खेड्यांतील आपलें काम सोडून एखाद्या विद्यापीठांत जाऊन बसावें असें त्यांस कधीं वाटलेलें दिसत नाहीं. १९१७ सालीं त्यांचा अंत झाला तोहि त्याच गांवीं.

अशाच रीतीनें सिलोन बेटाकडून आलेल्या एका अत्यंत क्षुद्र प्राण्याचें वर्णन त्यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलें. प्राणी कसला, मोहरीच्या दाण्याएवढाच तो! परंतु भिंगाखालीं धरतांच त्याच्यांत दोन गोष्टी अशा दिसल्या कीं, त्याला ज्ञात असलेल्या कोणत्याहि कुळांत घालणें कठीण झालें. सामान्य कोळ्यास आठ डोळे असतात, कांहींस सहा. याला होते फक्त चार, आणि तेहि कपाळाच्या कडेस नसून मस्तकाच्या मध्यभागीं एकत्र जमलेले. म्हणून पिकार्ड-केंब्रिज यांनीं वंशाला ‘टेट्राब्लेम्मा’ म्हणजे चार दृष्टींचा, आणि जातीला ‘मेडिओक्युलाटम्’ म्हणजे मध्यनेत्री, असें नांव दिलें. एवढ्यावर न थांबतां त्यांनीं या चिमुकल्या जीवाकरितां एक स्वतंत्र कुळच उभें केलें. एका नव्या जातीच्या आधारावर कुळ उभारणें हें मोठें धाडसाचें काम होय. पुढें तसलींच दुसरीं उदाहरणें सांपडलीं नाहींत तर शास्त्रज्ञांत हंसें होण्यास वेळ लागत नाहीं. पण हें धाडस वायां गेलें नाहीं.

दुसरी गोष्ट चिलखताची. कोळ्याचें पोट म्हटलें कीं मऊ, फुगीर पिशवी डोळ्यांसमोर येते. भरपेट जेवण मिळालें म्हणजे ती फुगावी, अंडीं भरलीं म्हणजे आणखी ताणली जावी, यासाठीं तिचें कातडें मऊच असावें लागतें. टेट्राब्लेम्माच्या पोटावर मात्र कठिण तपकिरी ढाली बसविलेल्या असतात. एक पाठीवर, एक पोटाखालीं, आणि दोन्ही कुशींवर एकाखालीं एक अशा अरुंद पट्ट्यांच्या ओळी. मग असा कोळी जेवतो तरी कसा, हा प्रश्न कोणासहि पडेल. उत्तर पट्ट्यांच्या मधल्या जागेंत आहे. तेथें मऊ पडदा असतो व तो घडी घालून ठेवलेल्या वस्त्राप्रमाणें उलगडतो. लोहाराच्या भात्याला लांकडी फळ्या असूनहि तो जसा फुगतो व मिटतो, तसाच कांहींसा हा प्रकार. पानांच्या थरांत मुंग्या, गोम, माइट असे अनेक शत्रू व स्पर्धक असतात. तेथें एक-दीड मिलिमीटर लांबीच्या जीवाला अशी कवचें उपयोगीं पडत असलीं पाहिजेत.

आतां सिलोनकडे वळलें पाहिजे. त्या काळीं पेराडेनिया येथील राजोद्यानाचे प्रमुख जॉर्ज थ्वेट्स हे होते. १८४९ पासून १८८० पर्यंत त्यांनीं तें उद्यान सांभाळलें. मूळचे ते सूक्ष्मदर्शकाचे उपासक. डायाटम नांवाच्या अतिसूक्ष्म पाणवनस्पतींचा संयोग त्यांनींच प्रथम दाखवून दिला होता. वनस्पतींचें काम करतां करतां ते कोळीहि जमवीत आणि ब्लॉक्सवर्थला धाडीत. पिकार्ड-केंब्रिज यांनीं १८७० सालीं सिलोनच्या एका काडीसारख्या कोळ्यास थ्वेट्स यांचेंच नांव दिलें, तें या उपकाराची फेड म्हणून.

याच थ्वेट्स यांनीं १८६९ सालीं दुसऱ्या एका धर्मोपदेशकाकडे दुसरीच एक चीज पाठविली. ती म्हणजे काॅफीचीं पानें, खालच्या बाजूस नारिंगी भुकटी धरलेलीं. हे धर्मोपदेशक म्हणजे बुरशींच्या शास्त्राचे इंग्लंडांतील अग्रणी रेव्हरंड बर्कली. त्यांनीं ती बुरशी नवी असल्याचें ओळखून तिचें ‘हेमिलिया व्हास्टाट्रिक्स’ असें नामकरण केलें. यांतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ विध्वंस करणारी असा आहे आणि तो अक्षरशः खरा ठरला. सिलोनच्या डोंगरांवरील अरण्यें तोडून, मैलचे मैल एकच एक पीक लावलेलें होतें. तांबेऱ्याला अडविण्यास मध्यें कांहीं उरलेंच नव्हतें. थ्वेट्स यांनीं मळेवाल्यांना या रोगाविषयीं सावध केलें. पण दर वाढत होते, आणि वाढत्या दरांपुढें शास्त्रज्ञाचें कोण ऐकतो? वीस वर्षांच्या आंत काॅफी बुडाली व तिच्या जागीं चहा आला.

या हकीकतीचा कोळ्याशीं संबंध असा. अरण्य तुटलें कीं झाडें जातात हें सर्वांस दिसतें. पण झाडांबरोबर दरवर्षीं पडणारीं पानेंहि बंद होतात, आणि पानांखालचा ओला, काळोखी, हातभर खोलीचाहि नसलेला मुलूख नाहींसा होतो, हें सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. टेट्राब्लेम्माचें सारें आयुष्य त्या मुलुखांत जातें. ज्या बेटावर या वंशाची पहिली ओळख पटली, तेथेंच त्याचें घर त्या काळीं झपाट्यानें खणून काढलें जात होतें. कुपींत बंद होऊन इंग्लंडला पोंचलेला तो कोळी नशीबवान म्हणावा काय, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

यानंतर बराच काळ या कुळाविषयीं फारशी भर पडली नाहीं. फ्रेंच कोळीशास्त्रज्ञ यूजीन सिमाँ हे १८९२ च्या जानेवारी-फेब्रुवारींत स्वतः सिलोनला गेले व पुष्कळ नवे कोळी घेऊन परतले. १९२० सालीं बर्लां यांनीं पूर्व आफ्रिकेंतील सहा डोळ्यांच्या एका भाऊबंदास ‘हेक्साब्लेम्मा’ म्हटलें. खरी अडचण शोधण्याची होती. हातानें पानें चाळून मोहरीएवढा प्राणी सांपडावयाचा तो योगायोगानेंच. ही अडचण इटलीच्या अँटोनिओ बर्लेसे यांनीं १९०५ सालीं बांधलेल्या एका साध्या यंत्रानें दूर झाली. नरसाळ्यावर चाळणी, चाळणीवर पानांचा ढीग, वरून ऊब. पानें वाळूं लागलीं कीं आंतील जीव ओलाव्याच्या शोधांत खालीं खालीं सरकतात आणि शेवटीं नरसाळ्यांतून कुपींत पडतात. १९१८ सालीं स्वीडनच्या टुलग्रेन यांनीं त्यावर विजेचा दिवा बसविला. या नरसाळ्याचा प्रसार होतां होतां विसावें शतक अर्धें सरलें, आणि मग मात्र सामोआपासून सेशेल्सपर्यंत, एवढेंच नव्हे तर नेपोलियनच्या बंदिवासानें प्रसिद्ध झालेल्या सेंट हेलेना बेटावरहि, टेट्राब्लेम्माच्या जाती आढळूं लागल्या. आज त्या दोन डझनांहून अधिक आहेत.

संख्या वाढली तसा वादहि वाढला. याच्याहून पुष्कळ मोठे व तसेच चिलखती असे पाकुला जातीचे कोळी आग्नेय आशियांत आहेत. ते याच कुळांतले कीं निराळे? अमेरिकेच्या विल्यम शिअर यांनीं १९७८ सालीं दोन्ही कुळें वेगळीं ठेवलीं. फिनलंडचे पेक्का लेहटिनेन यांनीं १९८१ सालीं साऱ्या जगांतील जातींचा पुनर्विचार करून तीं एकत्र आणलीं. आणि २०१७ सालीं आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीवरून तीं पुन्हां विभक्त झालीं. चिलखत हें नात्याचा भरंवशाचा पुरावा नव्हे, हें यांतून दिसतें. सर्वस्वीं परक्या अशा कोळ्यांनींहि गरज पडली तेव्हां तें अंगावर चढविलें आहे.

या घराण्याच्या प्राचीनतेचा पुरावा ब्रह्मदेशांतून मिळाला. तेथील हुकाँग खोऱ्यांत सांपडणाऱ्या राळेच्या खड्यांत सुमारें ९ कोटि ९० लक्ष वर्षांपूर्वींचे कीटक जसेच्या तसे बंदिस्त झालेले आहेत. २०१६ सालीं त्यांतील एका चिलखती नराचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याच्या मस्तकावर एक विचित्र उंचवटा असून डोळे त्यावर आहेत. राक्षसी सरड्यांच्या पायांखालीं पडलेल्या पानांतहि या कुळाचे लोक वावरत होते तर!

महाराष्ट्राच्या बाजूसहि या वंशाची ओळख झाली आहे. पुणें येथील प्राणिसर्वेक्षण खात्याच्या पश्चिम विभागीय केंद्रांत दीर्घकाळ काम केलेले कोळीशास्त्रज्ञ बी. के. टिकादर यांनीं १९७६ सालीं एका जातीचें वर्णन केलें. ती आज ‘टेट्राब्लेम्मा डेक्कनेन्स’ म्हणजे दख्खनी म्हणून ओळखली जाते. १९८० सालीं बोर्न यांनीं भारतांतील आणखी एका जातीस जिनीव्हाचे भुंगेरे-संग्राहक लोब्ल यांचें नांव दिलें, आणि लेहटिनेन यांच्या ग्रंथांत काठमांडूजवळील फुलचोकी डोंगराच्या नांवाची जातहि आहे.

मावळांत व कोंकणांत पावसाळ्यापूर्वीं राब भाजण्याची जुनी चाल आहे. भाताचें रोप टाकावयाच्या जागीं शेण, टहाळ व पातेरा पसरून तो पेटवितात, म्हणजे जमीन तापून तण मरतें व रोप जोमानें येतें. त्यासाठीं जंगलांतून पातेऱ्याचे भारे वाहून आणावे लागतात. देवराईंतून मात्र काडी उचलावयाची नाहीं असा जुना दंडक. त्यामुळें तेथील पानांचे थर वर्षानुवर्षें तसेच राहात आले. नरसाळें व दिवा घेऊन निघालेल्या एखाद्या अभ्यासकानें आरंभ कोठें करावा, हें यावरून उघड आहे.