भारतातून आणलेला मिक्सर अचानक बंद पडला तर

आपल्यापैकी अनेकांनी अमेरिकेत येताना बॅगेतून मिक्सर आणला. वर्षानुवर्षे चालणारा हा मिक्सर इडलीचे पीठ वाटताना एकदम गप्प होतो आणि आपण तो मोडला असे समजतो. टाकून देण्याआधी आपण एवढे पाहावे :

१. मिक्सर बंद करून प्लग काढा. भांडे बाजूला ठेवून मिक्सर उलटा करा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लहान लाल बटण असते. घट्ट वाटणामुळे मोटारीवर ताण आला की ते वीज तोडते. दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्या, मग बटण आत दाबा. पुढच्या वेळी थोडे थोडे वाटा.

२. ओट्याजवळच्या सॉकेटवरचे 'रीसेट' बटण दाबून पाहा.

३. येथे वीज १२० व्होल्ट, मिक्सर २३० व्होल्टचा. त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूजही तपासा. गेला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घाला. जास्तीचा घातला तर आगीचा धोका असतो. सुरू होताना मोटार जास्त वीज ओढते, म्हणून ७५० वॉटच्या मिक्सरला १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर असावा.

४. मिक्सर अडखळत चालत असेल, आत फार ठिणग्या दिसत असतील, तर कार्बन ब्रश झिजले असतील. ते स्वस्तात बदलून मिळतात. भारतात जाणाऱ्या कोणाकडून मॉडेल नंबर देऊन मागवता येतात.

धूर किंवा जळका वास आला, तर मात्र मिक्सर पुन्हा लावू नका. आईने दिलेला असला तरीही!