पेस्टिसाइड व इन्सेक्टिसाइड

शेतीतील विषारी रसायनांसाठी वापरले जाणारे दोन इंग्रजी शब्द. पिकाला उपद्रव करणारे किडे, कोळी, बुरशी, तण, उंदीर यांपैकी कशाचाही नायनाट करणारे ते पेस्टिसाइड. इन्सेक्टिसाइड हा त्यातला एक प्रकार, केवळ किड्यांसाठीचा. मराठीत अनुक्रमे कीडनाशक आणि कीटकनाशक म्हणतात. १९६८ च्या भारतीय कायद्याने गोंधळात भरच घातली: नाव इन्सेक्टिसाइड्स ॲक्ट, पण तणनाशके व बुरशीनाशकेही त्याच्याच कक्षेत येतात.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा फरक जिवाशी निगडित आहे. इथे बोंडअळीवरचे असो की तणावरचे, सगळ्याला ‘औषध’च म्हणतात आणि पंपही बहुधा एकच असतो. टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप नीट न धुता पऱ्हाटीवर चालवला, तर पाने भेंडीच्या पानांसारखी चिरली जातात आणि वाढ खुंटते.

माणसाच्या बाबतीत चूक याहून महाग पडते. २०१७ च्या हंगामात जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. अनेक ठिकाणी एकाहून अधिक रसायने मिसळून फवारली गेली होती. अशा वेळी नेमके काय अंगात गेले हे ठरवणे डॉक्टरांना अवघड जाते. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकाने बाहुल्या बारीक होतात, लाळ गळते, श्वास कोंडतो. त्यावर ॲट्रोपिन लागू पडते. पॅराक्वाट या तणनाशकावर मात्र उतारा नाही. ते फुप्फुसे निकामी करते आणि तिथे ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही. ‘औषध चढलं’ एवढ्या सांगण्यावर उपचार ठरत नाहीत, ते यामुळेच.

डब्यावरचा त्रिकोणही इथे पुरा पडत नाही. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषारीपणाची उतरती श्रेणी दाखवतात. रसायन किड्यांसाठी आहे की तणासाठी, हे त्यावरून कळत नाही. तो तपशील लेबलवर बारीक अक्षरांत असतो आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती पुष्कळदा मूळ डबा येतच नाही, बादलीत कालवलेले पाणी येते. म्हणून फवारणी संपेपर्यंत डबे-पुड्या फेकू नयेत. कुणाला चक्कर, उलटी वा धूसर दिसणे सुरू झाले, तर मिसळलेल्या प्रत्येक रसायनाचा डबा लेबलसह रुग्णासोबत दवाखान्यात न्यावा.