पायथनची सामानाची यादी

सुट्टीहून परतताना बॅगेत काय भरायचे, याची यादी सौदीतल्या मराठी घरात किती गांभीर्याने होते हे वाचकांना सांगायला नको. गोडा मसाला राहिला की पुढच्या सुट्टीपर्यंत आमटी बेचव! पायथन भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमचेही असेच आहे. तो सहसा एकटा चालत नाही. इतरांनी लिहिलेली पाच-पंचवीस पॅकेजेस त्याला लागतात, आणि त्या पॅकेजेसना आणखी काही, जसे गोड्या मसाल्याला दगडफूल, नागकेशर. ही यादी लिहायची कुठे आणि त्यानुसार सामान आणायचे कोणी, या साध्या प्रश्नाने जाणत्यांना वीस वर्षे दमवले.

२००० साली पायथनबरोबर ग्रेग वॉर्ड यांचे 'डिस्टयुटिल्स' आले. प्रोग्रॅमची पुडी बांधायची सोय झाली. २००३ मध्ये 'पायपीआय' हे सामाईक कोठार उघडले. त्याच सुमारास पुडीवर लागणाऱ्या वस्तूंची नावे लिहिण्याचीही तरतूद झाली, पण ती यादी घेऊन बाजारात जाणारे कोणी नव्हते! २००४ मध्ये फिलिप एबी यांच्या 'सेटअपटूल्स'ने ती उणीव भरली. यादी लिहा, 'ईझी इन्स्टॉल' सामान आणील. मात्र आणलेले परत काढायची सोय त्यात नव्हती. इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये 'व्हर्च्युअल-एन्व्ह' दिले, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतंत्र फडताळ. पाठोपाठ २००८ मध्ये त्यांचेच 'पिप' आले. ते आजही सर्वत्र वापरात आहे.

एक गंमत मात्र बरीच वर्षे टिकली. यादी ज्या फाइलीत असे ती स्वतःच एक प्रोग्रॅम होती. यादी वाचायची तर आधी तो चालवा, आणि चालवायला कधीकधी यादीतलीच वस्तू लागे! २०१६ आणि २०२० च्या ठरावांनी यादी साध्या मजकुराच्या फाइलीत आली आणि हा घोळ बराचसा मिटला.

दुसरा घोळ अधिक चिवट. एका पॅकेजला 'नमपाय' जुने हवे, दुसऱ्याला नवे. जुने पिप ज्याचे आधी ऐकले त्याचेच खरे मानी आणि दुसरा बिचारा मोडून पडे. ही तक्रार २०१३ मध्ये ९८८ क्रमांकाने नोंदली गेली. २०१७ मध्ये गूगलच्या समर ऑफ कोड योजनेत भारतातील विद्यार्थी प्रद्युन गेडाम यांनी हे काम हाती घेतले. पुढे मोझिला आणि चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह यांनी पैसा पुरवला. गेडाम, त्झु-पिंग चुंग, पॉल मूर प्रभृतींच्या कष्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये पिप २०.३ बाहेर पडले. आता ते दोघांचेही ऐकते, जुळले नाही तर मागे फिरून दुसरी आवृत्ती पाहते, आणि काहीच जमेना तर तसे स्पष्ट सांगते.

आपल्या थुवलच्या 'काउस्ट' विद्यापीठात तर वेगळेच नाट्य घडले. तिथल्या पहिल्या 'शाहीन' महासंगणकात ६५,५३६ कोअर होते. डेव्हिड केचेसन आणि सहकाऱ्यांनी लाटांचे गणित सोडवणारे 'पायक्लॉ' त्यावर चालवले. सामान सगळे व्यवस्थित बसवलेले, पण सुरुवातीला हजारो कोअर एकाच वेळी तीच पॅकेजेस उघडायला धावले की डिस्कपुढे रांग लागे. सगळ्या शहराने एकाच वाण्याच्या दारात उभे राहावे तसे! गणित झटपट, खोळंबा सगळा कपाट उघडण्यात.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक बाजू आहे. इथला माणूस कधी ना कधी फायनल एक्झिटवर जातो. त्याने हौसेने लिहिलेले, पंपांचे नाहीतर ओव्हरटाइमचे हिशेब करणारे प्रोग्रॅम मागे राहतात. कॉम्प्युटर बदलला की ते बंद पडतात, कारण यादी त्याच्या डोक्यात होती आणि डोके पुण्याला गेले! प्लँटमधल्या कित्येक यंत्रांना इंटरनेटही नसते. अशा ठिकाणी 'पिप फ्रीझ' केले की सगळी नावे आवृत्तीसह मिळतात आणि 'पिप डाउनलोड'ने त्या पुड्या एका फोल्डरमध्ये जमवून पेनड्राइव्हवर नेता येतात. मात्र फ्रीझच्या यादीत आपण मागवलेले कोणते आणि त्याच्यामागून आलेले कोणते हे कळत नाही. ती चार नावे वेगळी, हाताने लिहावी लागतात. शिवाय पायथनची आवृत्तीही नोंदवावी लागते, कारण एका आवृत्तीसाठी बांधलेली पुडी दुसऱ्या आवृत्तीवर बसतेच असे नाही.